कपाटाची किल्ली

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



प्राथमिक शाळेच्या कार्यालयात, बहुधा मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे, एक लोखंडी कपाट असते. वरच्या खणात हजेरीपत्रके व दाखल्यांच्या फायली, मधल्या खणात नकाशे आणि तळाशी गोष्टींची पुस्तके. काही पुस्तके 1987 च्या खडू-फळा योजनेपासूनची असतात, काही त्यानंतरची. कित्येकांची पाने अद्याप एकमेकांना चिकटलेलीच असावयाची. डेडस्टॉक रजिस्टरात प्रत्येकाची नोंद आहे, नोंदीपुढे किंमत आहे, किंमतीपुढे सही आहे. तपासणीच्या दिवशी मोजणी बरोबर भरते. ज्या मुलांसाठी ती पुस्तके आली होती, ती मात्र केव्हाच शाळा सोडून गेलेली असतात.

हा दोष एकट्या शिक्षकाचा मानणे अन्यायाचे होईल. तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याने आजवर पुस्तके किती आहेत एवढेच विचारले. त्यांतील किती वाचून वाचून फाटली, हे क्वचितच विचारले. हरवलेल्या पुस्तकाची किंमत आपल्या पदरून भरावी लागेल अशी धास्ती ज्याच्या मनात आहे, तो कुलूप घट्ट लावणारच. परंतु पुस्तक वापराने झिजणे हे त्याचे नुकसान नसून त्याचे काम आहे, आणि झिजलेल्या पुस्तकाचे रीतसर निर्लेखन करता येते, ही गोष्ट मुख्याध्यापक व अधिकारी या दोघांनीही मनाशी धरावयास हवी. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा अधिनियम प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे असे सांगतो, आणि त्यात गोष्टींच्या पुस्तकांचा स्पष्ट उल्लेख करतो. गोष्ट ही अभ्यासातील लुडबूड आहे असे मानणाऱ्यांनी तो एकदा पाहावा.

मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळदंडांनी फळीला जखडून ठेवीत. इंग्लंडमधील हेरफर्डच्या चर्चमध्ये असे साखळ्यांचे ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली आपली पाच सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांतील पहिलेच सूत्र, पुस्तके ही वापरासाठी आहेत, असे आहे. एवढी साधी गोष्ट सूत्र म्हणून सांगावी लागली, यातच सर्व आले. आपल्याकडे साखळ्या नाहीत, किल्ली आहे.

या संदर्भात बडोद्याचे उदाहरण शिक्षकांनी जवळचे मानावे असे आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यातील एक मुलगा 1875 साली दत्तक म्हणून बडोद्यास गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला अक्षरओळख नव्हती. तेच पुढे सयाजीराव महाराज गायकवाड झाले. त्यांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. शाळेत शिकलेले अक्षर पुढे पुस्तकावाचून विसरले जाते, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून 1910 साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास त्यांनी बोलावून घेतले, गावोगाव वाचनालये उभारली आणि जेथे वाचनालय नाही तेथे लाकडी पेट्यांतून पुस्तके धाडली. पेटी खेड्यात जात असे. खेड्याने पेटीकडे येण्याची वाट पाहिली जात नसे.

आता वर्गात काय करावे? प्रथम शिक्षकाने स्वतः वाचून दाखवावे. मधल्या सुटीतील आहारानंतरची वेळ मोठी कठीण असते. मुले पेंगुळलेली, शिक्षकही थकलेला. गणिताला ती वेळ निरुपयोगी, पण गोष्टीला उत्तम. रोज पंधरा मिनिटे, अभिनयाचा फारसा आव न आणता, स्वच्छ आवाजात वाचावे. वाचताना पुस्तक हातात दिसले पाहिजे; तोंडी गोष्ट सांगणे ही वेगळी व चांगली कला आहे, पण तिने ही गोष्ट त्या कागदात आहे, हे मुलाला उमगत नाही. आणि नायक विहिरीच्या काठावर आला की थांबावे. पुस्तक टेबलावर उघडे ठेवून खुशाल हजेरी भरावयास बसावे. दुसऱ्या दिवशी पुढील पाने दोघा-तिघांनी आधीच वाचलेली आढळतात. त्यांना रागावू नये.

भावनगरच्या गिजुभाई बधेकांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातील शिक्षकही गोष्टीपासूनच प्रारंभ करतो, आणि वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या आठ्या अद्याप पुरत्या गेलेल्या नाहीत.

यानंतरचा मोह म्हणजे प्रश्न. गोष्ट संपली की “यावरून काय बोध घ्याल?” असे विचारावयाची आपली जुनी सवय आहे. गोष्टीचा स्वाद जिभेवर असतानाच मुलाला परीक्षेस बसविल्यासारखे ते होते. मुलांनी आपण होऊन बोलावे, भांडावे. नच बोलली तरी बिघडत नाही. निवडही त्यांचीच असावी. चौथीतल्या मुलाने पहिलीचे चित्रमय पुस्तक उचलले तर ते हिसकावून घेऊ नये. ज्याला वाचताना अडखळण्याची लाज वाटते, तो सोप्या पुस्तकातच धीर गोळा करतो. एखादी मुलगी एकच पुस्तक तिसऱ्यांदा घरी नेते. तिला ते कळले नाही असा अर्थ काढणारे चुकतात.

पुस्तके थोडी असतील तर काय? बालभारतीचे ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघत आहे. जुन्या अंकांतील एकेक गोष्ट सोडवून पुठ्ठ्यात शिवली, तर एका अंकाची अनेक पुस्तके होतात. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढीत. रोज नको, महिन्यातून एक जरी निघाले तरी पुष्कळ. सातपुड्यात पावरी, मेळघाटात कोरकू बोलणाऱ्या मुलांना पाठ्यपुस्तकाची मराठी ही परक्या घरासारखी वाटते. तेथे तर आजीने सांगितलेली गोष्ट मुलाच्याच बोलीत, मोठ्या अक्षरांत कागदावर उतरवून घेणे हे पहिले पुस्तक होय. आपल्या घरचा शब्द कागदावर पाहून मूल जे हसते, ते एकदा पाहण्यासारखे असते.

राहता राहिला तो हरवण्याचा प्रश्न. देवघेवीची वही मुलांच्याच हाती द्यावी. पाचवीतील मुले ती आपल्याहून काटेकोरपणे ठेवतात. काही पुस्तके तरीही हरवतील. उन्हाळ्याच्या सुटीत कपाटात राहिलेल्या पुस्तकांना वाळवी लागते, त्यापेक्षा निकालाच्या दिवशी ती घरोघर गेलेली बरी.

आणि ज्या गावांतून दिवाळीच्या सुमारास कुटुंबे ऊसतोडीला निघतात, तेथील शिक्षकांपुढे खरी कसोटी असते. मूल आईबापांबरोबर चार-पाच महिने कोपीत राहावयाचे. तेथे फळा नसतो, कित्येकदा शाळाही नसते. हाती मोबाईल असला तर त्यावर चित्रे हलतात, पण अक्षर मागे पडते. गाडी निघण्यापूर्वी अशा प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन पुस्तके घालावीत. परतल्यावर ती मागावीत, पण दम देऊन नव्हे. उसाच्या पाचटात, पावसात, चुलीजवळ त्यांचे काय होईल ते सांगता येत नाही. परत आली नाहीत, तर देवघेवीच्या वहीत त्या मुलाच्या नावापुढे ‘वाचावयास दिले’ एवढे लिहून खाली सही करावी आणि निर्लेखनाच्या यादीत ती दोन पुस्तके घालावीत. त्या यादीवर स्वाक्षरी करणे हे तपासणी अधिकाऱ्याचे काम आहे.