नवदीक्षित धर्मगुरू आणि आपण
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



गेल्या पन्नास वर्षांत आपल्या धर्मग्रामांत जे धर्मगुरू येऊन गेले, त्यांचे उपकार आतांच स्मरण्यांत आले. त्यांपैकीं कित्येक गुरुदीक्षा होतांच थेट आपल्याकडे आले होते. त्यांनीं आपणांस काय दिलें हें आपण ऐकलें. आपण त्यांस काय दिलें, एवढेंच विचारण्यासाठीं आम्ही उभे आहों.

सेमिनरींत निदान दोन वर्षें तत्त्वज्ञान व चार वर्षें ईश्वरविज्ञान शिकावें, असा धर्मसभेचा नियम आहे. तेथें सोबतीस समवयस्क बंधू असतात. अडलें तर गुरुजन जवळच असतात. दीक्षेचा हार सुकतो न सुकतो तोंच हा तरुण परक्या गांवीं येतो. मध्यरात्रीं मरणोन्मुख रोग्यासाठीं त्याचें दार वाजतें. सकाळीं पवित्र मिस्सा, दुपारीं लग्नाचे कागद, संध्याकाळीं दोन भावांचा बांधावरील तंटा. आपल्या वसईंत एखादी आजी सामवेदींत किंवा वाडवळींत दुःख सांगूं लागली, म्हणजे त्याची पुस्तकी मराठी अपुरी पडते. रात्रीं मात्र ‘आज माझें कांहीं चुकलें का?’ हें विचारण्यास त्याला कोणी नसतें.

संत जॉन मेरी व्हिएनी लॅटिनमध्यें कच्चे, म्हणून त्यांस सेमिनरींतून परत धाडलें होतें. फ्रान्सांतील एक्युलीचे फादर बाले यांनीं त्यांस शिकविलें, त्यांच्यासाठीं वरिष्ठांकडे रदबदली केली, आणि १८१५ सालीं दीक्षा झाल्यावर त्यांस आपलेच सहायक म्हणून ठेवून घेतलें. पापनिवेदन ऐकण्याची मुभा व्हिएनींस प्रथम नव्हती. ती मिळाल्यावर त्यांच्यापुढें पहिले गुडघे टेकले ते वृद्ध बाले यांनींच. १८१७ च्या अखेरीस बाले वारले, व पुढच्याच वर्षीं व्हिएनी आर्स या खेड्यांत गेले. १९२९ सालीं धर्मसभेनें ज्यांस सर्व धर्मग्रामगुरूंचे आश्रयदाते संत ठरविलें, त्यांसही प्रथम कोणीतरी हात धरून चालविलें होतें.

येथें आमचा एक अपराध कबूल करतों. एका तरुण फादरांचें पहिलें प्रवचन संपल्यावर आम्हीं देवळाच्या पायरीवर उभे राहून त्यांच्या चुका मोजल्या. ते शब्द त्यांच्या कानीं गेले. त्यानंतर ते नेहमीं कागद पाहूनच बोलले, आणि बदली होईपर्यंत आमच्या कोणाच्या ओटीवर बसले नाहींत. नाताळाचा फराळ आम्हीं नेमानें पाठविला. ‘फादर, जेवलांत का?’ असें मात्र कोणीं एकदांही विचारलें नाहीं.

वडील धर्मगुरूंनीं तरुणांस सख्ख्या भावाप्रमाणें स्वीकारावें व त्यांच्या पहिल्या कामांत साह्य करावें, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें १९६५ सालीं सांगितलें. आम्हां प्रापंचिकांचाही त्यांत वांटा आहे. पहिल्या वर्षीं सर्व संघ व सर्व हिशेब त्यांच्या गळ्यांत घालूं नयेत. घरभेटीस आपल्यापैकीं एखाद्या जाणत्यानें बरोबर जावें. कोणाकडे नुकतेंच मरण झालें, कोणाकडे अबोला आहे, हें वाटेंत सांगावें. चूक दिसली तर ती एकांतीं सांगावी, पायरीवर नव्हे. आणि चांगलें झालें तर तेंही सांगण्यास विसरूं नये. वडील फादरांनीं रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास त्यांच्यासाठीं राखून ठेवावा.

सेमिनरी धर्मगुरू घडविते. परंतु त्यांस मेंढपाळ होण्यास धर्मग्रामच शिकवितो. यापुढें जे नवे फादर आपल्या दारीं येतील, त्यांस आपलें दार ठोठावण्याचा संकोच वाटूं नये, एवढा निश्चय आज आपण करूं या. परमेश्वर तो सिद्धीस नेवो.