निर्मिती, नामकरण आणि उद्योग

बायबलमधील उत्पत्ती या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात परमेश्वर पाचच नावे ठेवतो: दिवस, रात्र, आकाश, भूमी आणि समुद्र. तिसऱ्या दिवसानंतर त्याचे नामकरण थांबते. सूर्य आणि चंद्र यांचा उल्लेखही तेथे मोठी ज्योती व लहान ज्योती एवढाच येतो, आणि पशुपक्ष्यांना नावे देण्याचे काम दुसऱ्या अध्यायात आदामाकडे जाते. प्रकाशाच्या बाबतीत कामाचा क्रमही सांगितला आहे. प्रकाश आधी होतो, मग तो चांगला असल्याचे पाहिले जाते, मग तो अंधारापासून वेगळा केला जातो आणि या सगळ्यानंतर त्याला दिवस हे नाव मिळते. उद्योगाच्या अंगाने वाचता या मजकुरात लक्षणीय ठरते ते हे, की नामकरण ही तेथे पाहणे आणि वेगळे काढणे यांनंतरची पायरी आहे. बाजारात मात्र पुष्कळदा नाव, बोधचिन्ह आणि जाहिरात आधी ठरते आणि माल कोणाच्या काय उपयोगाचा याचा शोध मागाहून सुरू होतो.

आदामाच्या नामकरणात काही भाष्यकारांना माणसाची प्राण्यांवरील सत्ता दिसते. हे वाचन अपुरे आहे. आदाम काय नाव देतो हे पाहण्यासाठी प्राणी त्याच्यापुढे आणले जातात, त्याने दिलेले नाव दुरुस्त केले जात नाही, आणि सर्वांना नावे देऊन झाल्यावर त्याच्या बरोबरीचा सोबती त्यांत कोणीच नाही ही गोष्ट उघड होते. म्हणजे नामकरणातून उणीव कळते. कारखान्यातील प्रत्येक काम त्याच्या खऱ्या नावाने कागदावर मांडायला बसलेल्या मालकालाही बहुधा असाच अनुभव येतो: खरेदी, जोडणी, वसुली यांना धनी सापडतात आणि गिऱ्हाइकाने परत पाठवलेला माल तपासण्याचे काम कोणाकडेच नसल्याचे तेव्हा ध्यानात येते. शिवाय हाताखालच्या माणसाने ठरवलेले प्रत्येक नाव बदलणाऱ्या अधिकाऱ्याने काम सोपवले आहे असे म्हणता येत नाही, हाही त्या कथेचा एक व्यवहारी अर्थ आहे.

याच्या उलट टोकाला उत्पत्तीतीलच बाबेलचा बुरूज उभा आहे. तेथील लोकांकडे भाजलेल्या विटा आहेत, चुन्याऐवजी डांबर आहे आणि एकजूटही आहे. तरी बांधकामाचा हेतू आपले नाव व्हावे आणि आपली पांगापांग होऊ नये एवढाच सांगितला जातो. त्या इमारतीत कोण राहणार, याबद्दल अक्षरही नाही.

निर्मितीक्षमतेविषयी निर्गम या पुस्तकातील बसालेलची हकिकत अधिक उपयोगी आहे. वाळवंटातील प्रवासात बरोबर नेता येईल असे तंबूवजा उपासनास्थान, म्हणजे निवासमंडप, उभारण्यासाठी त्याची नेमणूक होते. देवाच्या आत्म्याने तो परिपूर्ण असल्याचे सांगितल्यावर लगेच त्याची कामे येतात: सोने, रुपे व पितळ घडवणे, रत्नांना पैलू पाडणे, लाकूड कोरणे. त्याला आणि त्याचा सहकारी अहलियाब याला इतरांना शिकवण्याची बुद्धीही दिली गेली, असेही पुढे म्हटले आहे. प्रतिभा, हातोटी आणि शिकवण्याची ताकद ही येथे एकाच देणगीची अंगे ठरतात.

या कल्पनांचा व्यवहारातील एक नमुना पश्चिम किनाऱ्यावर सापडतो. स्वित्झर्लंडमधील बासेल मिशनचे लोक 1834 मध्ये मंगळुरास आले, आणि धर्मांतरामुळे जातीबरोबर जातीचा धंदाही सुटलेल्यांना काम मिळावे म्हणून मिशनने विणकामासारखे उद्योग काढले. त्यातच 1865 मध्ये गेऑर्ग प्लेब्स्ट यांच्या पुढाकाराने जेप्पू येथे कौलांचा कारखाना सुरू झाला. एकमेकांत अडकणारी सपाट कौले युरोपात आधीपासून होती आणि नदीकाठची चिकणमाती मंगळुरात होती. नवीन होती ती त्यांची सांगड. नळीच्या कौलांचे छप्पर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी शाकारावे लागे, ती दगदग या कौलाने पुष्कळ कमी केली. कौलाच्या खालच्या अंगावर कारखान्याचे नाव उठवलेले असे, त्यामुळे जुन्या घरात वर पाहिले की आजही ते वाचता येते. लोकांनी मात्र ते नाव उचलले नाही. कोकणात आणि गोव्यात ती मंगळुरी कौले झाली, आणि 1868 मध्ये निघालेल्या अल्बुकर्क यांच्या कारखान्यासह इतरांचा मालही त्याच नावाने ओळखला गेला. घडवणारा एक आणि नाव देणारा दुसरा, हा उत्पत्तीतील प्रकार येथे बाजाराने केला, आणि ते नाव कोणा एकाच्या मालकीचे राहिले नाही. अर्थात नोकरी, घर आणि चर्च एकाच हाती असलेल्या या व्यवस्थेत कामगाराला मालकाविरुद्ध तोंड उघडणे कितपत जमत असेल, ही शंका उरतेच.

नामकरणाचा सर्वांत कठीण भाग मात्र हिशेबाच्या वहीत असतो. अमेरिकेतील वर्ल्डकॉम या दूरध्वनी कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरण्यापोटी दिलेले पैसे, जे उघडच चालू खर्च होते, भांडवली खर्च म्हणून दाखवले. चालू खर्च त्याच वर्षाच्या नफ्यातून वजा होतो, तर भांडवली खर्च मालमत्ता मानून अनेक वर्षांवर वाटला जातो. त्यामुळे केवळ सदर बदलल्याने तोट्याच्या जागी नफा दिसू लागला. जून 2002 मध्ये सुमारे 380 कोटी डॉलरची अशी नोंद उघडकीस आली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

याउलट प्रत्येक सदर त्याच्या खऱ्या नावाने मांडणारी वहीही बायबलमध्ये आहे: निर्गमाच्या अडतिसाव्या अध्यायात निवासमंडपाच्या कामाला लागलेल्या धातूंचा हिशेब आहे. तो इस्राएलांचा नेता मोशे याच्या आज्ञेवरून, त्याचा भाऊ अहरोन याचा मुलगा इथामार याच्या देखरेखीखाली लेवी वंशातील लोकांनी ठेवला. त्यात सोने 29 किक्कार 730 शेकेल आणि रुपे 100 किक्कार 1775 शेकेल भरले. किक्कार आणि शेकेल ही त्या काळची मोठी व लहान वजने होत. 100 किक्कार रुपे मंडपाच्या पायथ्याच्या बैठकांसाठी ओतण्यात गेले. उरलेल्या 1775 शेकेलांच्या खांबांच्या आकड्या आणि पट्ट्या केल्या, त्यांतून खांबांची टोके मढवली, अशी त्यांचीही नोंद वेगळी आहे.