एका नादाचा माग

आपल्या संगीतशास्त्राने नादाचे तीन गुण सांगितले आहेत : उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जाती. पहिल्या दोहोंचे मोजमाप करणे तुलनेने सोपे. स्वर किती उंच आहे, आवाज किती मोठा आहे, हे यंत्र सांगू शकते. तिसरा गुण मात्र असा सहज हाती लागत नाही. एकच षड्ज, एकाच जोराने, बासरीवर वाजला आणि सारंगीवर वाजला, तरी डोळे मिटून बसलेला श्रोता वाद्य ओळखतो, तो या जातीच्या बळावर. विद्युत्-गिटारच्या जगात तर वाद्य तेच असूनही प्रत्येक थोर वादकाच्या नादाची जाती निराळी असते. तिला त्या जगात ‘टोन’ म्हणतात, आणि आवडत्या वादकाचा टोन हुडकून काढणे हा तेथील विद्यार्थ्यांचा मोठा ध्यास असतो.

हा शोध पुष्कळदा दुकानाच्या दारात जाऊन संपतो. वादकाच्या मागे कोणता ॲम्प्लिफायर होता, त्याच्या पायाशी कोणत्या पेट्या होत्या, याची यादी मिळवावयाची, पैसे साठवून त्या वस्तू आणावयाच्या, आणि मग तो नाद आपल्या खोलीत उमटला नाही म्हणजे खिन्न व्हावयाचे. अशा वेळी विद्यार्थी दोनांपैकी एक निष्कर्ष काढतो. एक तर आणलेली वस्तू अस्सल नव्हे, नाही तर आपल्या बोटांत गुण नाही. दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. नादाचा माग काढावयाचा तो कानाने काढला पाहिजे. वस्तूंची यादी त्यानंतर. हे कसे करावे, ते एका उदाहरणाने पाहू.

ते उदाहरण म्हणजे इंग्लंडातील ‘क्वीन’ या वाद्यवृंदाचे गिटारवादक ब्रायन मे. १९७० साली लंडनमध्ये हा वृंद स्थापन झाला. त्याचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीस झाले, हे अनेकांना ठाऊक असेल. मे यांचा जन्म १९४७ चा. ते खगोलभौतिकीचे विद्यार्थी. वादनाच्या धकाधकीत अपुरा राहिलेला आपला प्रबंध त्यांनी पुढे पुरा केला आणि २००७ साली लंडनच्या इंपीरियल कॉलेजातून डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या गिटारचा नाद दोन स्वरांत ओळखू येतो : भरदार, किंचित अनुनासिक, गात्या गळ्यासारखा लांबणारा.

पहिला प्रश्न असा की, ऐकावयाचे काय? येथेच अनेकांची वाट चुकते. क्वीनच्या ध्वनिमुद्रिकांवर मे यांनी आपल्याच गिटारचे थर एकावर एक चढवले आहेत. १९७५ च्या ‘अ नाइट ॲट द ऑपेरा’ या संग्रहातील ‘गुड कंपनी’ या गीतात जो जॅझ-वृंद ऐकू येतो, तो साराच्या सारा गिटारवर उभा केलेला आहे. असल्या कामासाठी ते एक चिमुकला ॲम्प्लिफायर वापरीत. तो त्यांचे सहकारी जॉन डीकन यांनी कचऱ्याच्या मोठ्या पेटीत सापडलेल्या विद्युत्-मंडलापासून बनवला होता. रंगमंचावरील नादाचा माग घेणाऱ्याने हा मुद्रणगृहातला नाद प्रमाण धरला, तर एका माणसाच्या हातून दहा माणसांचे काम मागितल्यासारखे होईल. म्हणून रंगमंचावरचेच मुद्रण निवडावे. २४ डिसेंबर १९७५ रोजी लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियन नाट्यगृहातील मैफल बीबीसीने प्रसारित केली होती. २०१५ साली ती रीतसर प्रकाशितही झाली. १९७९ चा ‘लाइव्ह किलर्स’ हा संग्रहही या कामी उपयोगी आहे.

आता स्वराचा आरंभ ऐकू. तार छेडली जाते त्या क्षणी एक बारीक खरखर उमटते, जणू स्वराच्या आधी एखादे व्यंजन उच्चारले जावे. सतारीची तारेची नखी आणि सरोदाचा नारळाच्या करवंटीचा जवा यांनी आघाताचा रंग कसा बदलतो, हे आपण जाणतोच. गिटारवादक बहुधा प्लॅस्टिकची लवचिक नखी वापरतात. मे मात्र सिक्सपेन्सचे जुने ब्रिटिश नाणे वापरतात. त्याच्या कडेला बारीक दाते असतात. नाणे वाकत नाही, त्यामुळे बोटांचा सूक्ष्मातला सूक्ष्म दाब तारेपर्यंत पोचतो. आणि ते थोडे तिरके धरले की दाते तारेवर घासून ती खरखर देतात. १९८० साली हे नाणे चलनातून गेले. मे यांच्या बोटांतून गेले नाही.

यानंतर स्वराचा मध्य. साध्या गिटारचा स्वर छेडल्याबरोबर ओसरू लागतो. येथे तो उभा राहतो, कधी कधी वाढतो, आणि शेवटी आपल्याच वरच्या सप्तकातील उपस्वरात विरघळतो. याचा अर्थ असा की लाउडस्पीकरमधून निघालेला ध्वनी परत वाद्याला हलवीत आहे आणि वाद्य त्याला साद देत आहे. हे वाद्य मे यांनी वडील हॅरल्ड यांच्यासह घरीच घडवले. १९६३ च्या ऑगस्टमध्ये काम सुरू झाले. दुकानातली गिटार परवडणारी नव्हती, म्हणून गळ्यासाठी एका जुन्या शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड आले, पडद्यांवरच्या खुणांना आईच्या शिवणपेटीतील शिंपल्याची बटणे आली, आणि स्वर थरथरवण्याच्या योजनेला मोटारसायकलच्या इंजिनातील स्प्रिंगा आल्या. वाद्याच्या अंगात मुद्दाम पोकळ्या ठेवल्या, त्या त्याने अशी साद द्यावी म्हणूनच. नादातला तो किंचित अनुनासिकपणाही येथलाच. वाद्यात तीन पिकअप आहेत. प्रत्येक स्वतंत्रपणे चालू वा बंद करता येतो, इतकेच नव्हे तर त्याची दिशा उलटी करता येते. दोन पिकअप परस्परांविरुद्ध लावले की खर्जाकडची कंपने एकमेकांना छेदतात आणि नाद अणकुचीदार होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे आवाजाचा फाट. ॲम्प्लिफायर त्याच्या शक्तीपलीकडे ताणला की आवाज फाटतो. एरवी हा दोष. विद्युत्-गिटारच्या संगीतात तो अलंकार झाला आहे. तानपुऱ्याची जवारी काढताना मिरजेचा कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासतो आणि तारेखाली धागा सरकवतो, तेव्हा तोही तारेच्या शुद्ध कंपनात जाणूनबुजून अडथळाच आणतो. त्या अडथळ्यातून उपस्वरांचा झगमगाट बाहेर पडतो. परंतु फाटातही प्रकार आहेत. मे यांचा फाट गढूळ नाही. खर्जाकडे तो घोगरा होत नाही आणि वर कर्कश होत नाही. यावरून असा तर्क करता येतो की, ॲम्प्लिफायरमध्ये शिरण्यापूर्वीच खर्ज कमी केलेला असावा, कारण आवाज ताणला जाताना सर्वांत आधी गढूळ होतो तो खर्जच.

वस्तुस्थिती या तर्काला धरूनच आहे. सातव्या दशकाच्या अखेरीस तरुण मे यांनी लंडनच्या मार्की क्लबात आयरिश वादक रॉरी गॅलहर यांना त्यांच्या नादाचे रहस्य विचारले, आणि गॅलहर यांनी ते आढेवेढे न घेता सांगितले : व्हॉक्स कंपनीचा एसी ३० हा ॲम्प्लिफायर आणि त्याच्या आधी एक ट्रेबल बूस्टर. ही दुसरी वस्तू म्हणजे जर्मेनियमच्या एकाच ट्रान्झिस्टरची लहानशी पेटी. ती खर्ज गाळते आणि वरची कंपने जोराने पुढे ढकलते. एसी ३० मध्ये जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या व्हॉल्व्ह असतात. अखेरच्या टप्प्यात चार, ईएल ८४ नावाच्या. शक्ती सुमारे तीस वॉट. मे त्याच्या ‘नॉर्मल’ म्हटलेल्या साध्या मार्गाने तार जोडतात आणि आवाजाची कळ पूर्ण फिरवून ठेवतात. म्हणजे ॲम्प्लिफायर सदैव काठोकाठ भरलेला असतो.

मग चौथा प्रश्न उभा राहतो. ॲम्प्लिफायर सदैव काठोकाठ, तर त्याच मैफलीत मंद, स्वच्छ, घुंगरासारखे स्वर कोठून येतात? पायाने पेटी बंद केली असती तर बदल एकदम झाला असता. येथे तो सायंकाळच्या उन्हासारखा हळूहळू होतो. तेव्हा उत्तर वाद्यावरच असले पाहिजे. गिटारवरील आवाजाची कळ थोडी मागे घेतली की ॲम्प्लिफायरवरचा भार उतरतो, फाट निघून जातो आणि स्वर निर्मळ होतो. दुकानातल्या कोणत्याही यादीत या कळीचा उल्लेख नसतो, कारण ती प्रत्येक गिटारवर आधीपासूनच असते!

पाचवी गोष्ट मला सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. ‘ब्रायटन रॉक’ या रचनेच्या मैफलीतील वादनात मे एकटेच वाजवीत असतात, आणि तरी तीन गिटार एकमेकांच्या मागून धावत सुसंवाद साधताना ऐकू येतात. प्रतिध्वनीची योजना आहे हे उघडच आहे. फिरत्या चुंबकीय फितीवर स्वर टिपून तो क्षणभराने परत ऐकवणारे ‘इकोप्लेक्स’ नावाचे यंत्र त्या काळी मिळत असे. मे यांनी अशी दोन यंत्रे घेतली आणि प्रतिध्वनी अधिक उशिरा यावा म्हणून त्यांत फेरफारही केला. पण एवढ्याने भागत नाही. षड्ज आणि गंधार एकाच ताणलेल्या ॲम्प्लिफायरमधून एकत्र नेले, तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजा-वजाबाक्या होऊन तिसरे-चौथे अनाहूत स्वर जन्मतात आणि गोंगाट माजतो. मुद्रणात तर प्रत्येक स्वर फाटलेला असूनही त्यांचा मेळ स्वच्छ आहे. तेव्हा प्रत्येक आवाजाची वाट वेगळी असली पाहिजे. ती तशी आहेच : मूळ स्वर एका ॲम्प्लिफायरकडे, पहिला प्रतिध्वनी दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. रंगमंचावर मे यांच्या पाठीमागे एसी ३० ची भिंत रचलेली दिसते, ती केवळ शोभेसाठी किंवा दणदणाटासाठी नव्हे. डोळ्यांना जो थाट वाटतो, त्यात कानाला स्वरांची स्वच्छता सापडते.

आता या साऱ्याचा हिशेब मांडला तर काय दिसते? नाणे, घरचे लाकूड, एका ट्रान्झिस्टरची पेटी, तीस वॉटचा ॲम्प्लिफायर. यांतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट अडचणीतून किंवा विशिष्ट गरजेतून आली. गिटार परवडत नव्हती म्हणून ती घडवली. एकट्याने तीन आवाज हवे होते म्हणून तीन वाटा केल्या. आज त्या गिटारच्या हुबेहूब प्रतिकृती मिळतात, बूस्टरही पुन्हा बनवले जातात, आणि संगणकीय यंत्रे एसी ३० चे अनुकरण बऱ्याच अंशी साधतात. ही सोय स्वागतार्हच आहे. परंतु या वस्तू उत्तरे आहेत, आणि ज्याने प्रश्नच विचारले नाहीत, त्याला त्या उत्तरांचा उपयोग मर्यादित. आपली खोली लहान, शेजार जवळचा, ॲम्प्लिफायर निराळा. तेथे तेच आकडे आणि त्याच कळी निराळा नाद देणार, हे क्रमप्राप्त आहे.

म्हणून विद्यार्थ्याने आधी एकच स्वर निवडावा. त्याचा आरंभ, मध्य आणि अंत वेगवेगळे ऐकावे. कोणता गुण हातातून आला, कोणता वाद्यातून, कोणता ॲम्प्लिफायरमधून, हे स्वतःला विचारावे. मग आपल्याजवळ जे आहे त्यातून त्या गुणाच्या किती जवळ जाता येते ते पाहावे. खर्ज थोडा उतरवावा, नखी तिरकी धरावी, गिटारवरची कळ मागेपुढे करावी. या खटाटोपात पैसे लागत नाहीत, वेळ मात्र पुष्कळ लागतो. आपल्याकडे गुरूच्या आवाजाची नक्कल करणारा शिष्य पुष्कळदा गुरूचे खाकरणेही उचलतो, अशी थट्टा केली जाते. कोणता भाग खाकरण्याचा आणि कोणता गाण्याचा, एवढे ज्याच्या कानाला उमगले, त्याला निदान पुढची खरेदी काय करावयाची आणि काय टाळावयाची, हे कोणाला विचारावे लागणार नाही.