सरपंचबाईंची सही

अमेरिकेतल्या बायकांना देशभर मताचा हक्क मिळाला १९२० साली, तोही सत्तरएक वर्षं भांडून. आपल्याकडे १९५१-५२च्या पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत पुरुषांबरोबर बायांनीही मत टाकलं. खुर्चीची वाट मात्र लांबची. तरीही हिंगोलीने १९९८ आणि पुन्हा २००४ साली सूर्यकांता पाटील यांना लोकसभेत पाठवलं. दुसऱ्या खेपेला त्या केंद्रात ग्रामीण विकास राज्यमंत्री झाल्या. गावात १९९३च्या घटनादुरुस्तीने पंचायतीच्या एक तृतीयांश जागा बायांकडे आल्या, २०११पासून महाराष्ट्रात निम्म्या. तरी ग्रामसभेत डोकावून पाहा: रजिस्टरवर सही सरपंचबाईंची, बोलतात त्यांचे यजमान! लोकांनी त्यांना ‘सरपंचपती’ हे पदही देऊन टाकलंय. अर्थात, ठराव स्वतः वाचून ‘आधी पाण्याचं बोला’ असं दरडावणाऱ्या सरपंचबाईही आता काही कमी नाहीत.