झोपेत चालणारी मुले
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



माझा धाकटा आठ वर्षांचा होता. एका रात्री अकराच्या सुमारास तो दाराची कडी काढून जिन्याकडे निघाला. डोळे उघडे, पण मी समोर असून त्याला दिसत नव्हते. मी भेदरले, त्याला गदागदा हलवले आणि वर एक चापटही दिली. तो किंचाळून रडू लागला. सकाळी त्याला काहीच आठवेना! सासूबाईंनी दृष्ट काढली. चौथ्या रात्री पुन्हा तेच.

मग डॉक्टरांनी सांगितले व पुढे मी वाचले, ते असे. मूल स्वप्नात चालते हा आपला समज चुकीचा. पुष्कळशी स्वप्ने पडतात त्या वेळी हातापायांचे स्नायू सैल पडलेले असतात. मग चालणार कसे? १९६५ साली लॉस एंजेलिस येथे मेंदूचे विद्युत-आलेख काढले, तेव्हा हे चालणे गाढ झोपेतून सुरू होते असे दिसले. अशी झोप रात्रीच्या पहिल्या भागात जास्त, म्हणून अकराची वेळ. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये एक सोळा वर्षांचा मुलगा झोपेत उठला असतानाच त्याच्या मेंदूतला रक्तप्रवाह टिपला गेला. मेंदूचा काही भाग जागा, विचार करणारा पुढचा भाग मात्र निजलेला! स्वयंपाकघरात दिवा लागलेला आणि माजघरात मंडळी घोरताहेत, तसे.

हे आनुवंशिकही असते. कॅनडातील क्विबेकच्या २०१५ च्या पाहणीत, ज्यांचे आईवडील दोघेही झोपेत चालत अशा मुलांपैकी सुमारे ६१ टक्के मुले चालली. कोणीच चालत नसे त्यांच्यात सुमारे २२. मी सासूबाईंना खोदून विचारले. तेव्हा कळले, आमचे 'हे' लहानपणी मध्यरात्री अंगणात सापडत! भरीस जागरण, ताप, तुंबलेली लघवी, घोरताना श्वास अडकणे. मोठ्या माणसांत झोपेच्या काही गोळ्याही.

अशाला जागे केले तर तो दगावतो, हे खरे नव्हे. गोंधळतो, क्वचित हात उगारतो. खांद्याला धरून हळूच अंथरुणाकडे वळवावे. खरा धोका जिना, गॅलरी आणि शेगडीचा. रोज ठरावीक वेळी उठत असेल, तर काही आठवडे त्याआधी पंधरा-वीस मिनिटे हलकेच जागे करावे. मोठेपणी नव्याने सुरू झाले किंवा अंगाला झटके येत असले, तर डॉक्टरांना दाखवावेच.

आमच्या मुलाचे बाराव्या वर्षी आपोआप थांबले. दाराला उंचावर बसवलेली कडी मात्र मी काढू दिलेली नाही. नातू आता पाच वर्षांचा आहे.