परका अवयव आणि देहाचा पहारा
(खापरखेडा येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



दुसऱ्याचा अवयव आपल्या देहात बसविता येतो, हे आता सर्वश्रुत आहे. तो टिकतो कसा, याचा विचार मात्र घरोघरी होत नाही.

आपल्या विद्युत केंद्राच्या फाटकावरील पहारेकरी ओळखपत्र पाहूनच आत सोडतो. येणारा कितीही सज्जन असो. रक्तातील श्वेतपेशी असाच पहारा करतात. परकी खूण दिसली की त्या तुटून पडतात. मग ते रोगजंतू असोत, वा प्राण वाचविण्यास आलेले मूत्रपिंड. यासच अवयवाचा अस्वीकार म्हणतात. हा देहाचा दोष नव्हे, ती त्याची स्वामिनिष्ठा होय.

१९५४ साली बोस्टन येथे डॉ. जोसेफ मरे यांनी केलेले मूत्रपिंडाचे रोपण यशस्वी झाले, कारण दाता व रोगी एकरूप जुळे भाऊ होते. इतरांचे काय? १९६८ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयरोपणाचे धाडस केले. रोगी काही तासच जगला. पुढे जगभर ती शस्त्रक्रिया मागे पडली, ती मुख्यत्वे अस्वीकारामुळे. मग नॉर्वेच्या मातीतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हे औषध निघाले, १९८३ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि पहारेकऱ्यास शांत ठेवण्याची युक्ती हाती आली.

पत्रिका जुळविण्याची आपणांस सवय आहे. येथे रक्तगट व पेशींच्या खुणा जुळवितात. सख्ख्या भावंडांतही सर्व खुणा जुळण्याचा संभव चारांत एक; उलट परक्या जातीतील दात्याचा अवयवही उपयोगी पडतो. ज्ञातिबांधवांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

औषध पहारेकऱ्यास निजवीत नाही, केवळ आवरते. म्हणून ते अवयव कार्य करीत आहे तोवर, नेमल्या वेळी, रोज घ्यावयाचे. “आता बरे वाटते” म्हणून गोळी सोडणे हेच मोठे संकट. अस्वीकार पुष्कळदा मुकाट्याने येतो. लघवी कमी होणे, पाय सुजणे, ताप येणे ही लक्षणे उशिरा दिसतात, म्हणून रक्ततपासणी चुकवू नये. वैद्यास विचारल्यावाचून काढे वा अन्य औषधे घेऊ नयेत. पपनस व ग्रेपफ्रूट ही फळे रक्तातील औषधाचे प्रमाण वाढवितात; ती वर्ज्य समजावीत. पहारा सैल असल्याने संसर्गाचे भयही असते, स्वच्छता पाळावी.

शेवटी एक विनंती. शस्त्रक्रियेसाठी वर्गणी जमते, सत्कारही होतो. परंतु गोळ्यांचा खर्च दर महिन्याचा असतो आणि तो कुणास दिसत नाही. पैशांअभावी गोळी चुकली, तर दात्याचे दान आणि आपली वर्गणी दोन्ही वाया जातात. मंडळाने वैद्यकीय साहाय्य एकरकमी न देता मासिक द्यावे, असे आम्ही सुचवितो. अवयव एकदा मिळतो. तो राखणे हे रोजचे काम आहे, आणि ते एकट्या रोग्याचे नव्हे.