मोडीला नंबर मिळाला, आता वाचणारे पाहिजेत

आजचा विषय कोल्हापुरात कित्येकांच्या घरी ट्रंकेत पडून आहे: मोडीतले जुने कागद.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, नंबर कळतो. जगभरच्या लिपींतल्या अक्षरांना असे नंबर देतं युनिकोड. युरोपातल्या दगडांवर कोरलेल्या रून लिपीला ते १९९९ मध्ये मिळाले. आपल्या मोडीला थेट २०१४ मध्ये. प्रस्ताव मांडला होता अंशुमन पांडे यांनी.

आता डेव्हलपर मंडळींसाठी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं अक्षर ३ बाइट घेतं, मोडीचं ४. मायएसक्यूएलचा जुना 'यूटीएफ८' ३ बाइटांच्या पुढं जात नाही, तिथं 'यूटीएफ८एमबी४' लागतं. बहुतेक इमोजीही ४ बाइटांचेच. म्हणजे ज्या डेटाबेसात 😂 बसतो, त्यात मोडीही बसते. फॉन्टही आहे, 'नोटो सान्स मोडी', फुकट.

मग अडलंय कुठं? पुरालेखागारातल्या कागदाचा स्कॅन हा नुसता फोटो असतो. त्यात पणजोबांचं नाव टाकून सर्च करता येत नाही. कुणीतरी तो वाचून टाइप करावा लागतो. आणि मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बहुधा वेगळं दाखवत नाहीत. मशीनला हे शिकवायचं तरी आधी माणसानं वाचलेली पानंच लागतात.

मोडी वाचणारी पिढी म्हातारी होत चाललीय. त्यामुळं मोडीचा वर्ग दिसला तर नाव घाला. आणि वाचाल ते वहीत ठेवू नका, टाइप करा. भेटू पुढच्या भागात!